घरच्या वाडीसाठी चेनसॉ: आधी लाकूड मोजा, मग दुरुस्तीवाला शोधा, यंत्र त्यानंतर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. आमच्या पाणंदीवर फणस पडला होता, आंब्याची चार कलमं मुळासकट उलथली होती आणि पोफळी मोजायचं धाडस होत नव्हतं. गावात कटरवाला, म्हणजे चेनसॉने लाकूड कापून देणारा, एकच. त्याच्याकडे आमचा नंबर लागला अकराव्या दिवशी. तोवर कुऱ्हाड आणि हातकरवत.

त्याच पावसाळ्यात मी घाईघाईने ऑनलाइन एक चेनसॉ मागवला. खोक्यावर ५८ सीसी, २२ इंची पट्टी (जिच्याभोवती चेन फिरते ती), किंमत निम्मी. पहिला हंगाम त्याने काम केलं. दुसऱ्या हंगामात दोरी ओढताना स्टार्टरची आतली स्प्रिंग तुटली. एवढीशी स्प्रिंग, पण ती दापोलीत मिळाली नाही, खेडला नाही, चिपळूणला नाही, आणि विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकलं तेव्हा ते यंत्र पडवीत पोत्याखाली पडून होतं आणि मी पुन्हा कटरवाल्याच्या यादीत.

तेव्हापासून ‘भरवशाचं यंत्र’ म्हणजे काय, हे माझ्यापुरतं पक्कं आहे. गरज पडेल त्या दिवशी तीन-चार झटक्यांत सुरू होणारं, आणि बिघडलं तर आठवड्याभरात तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारं. ताकद, पट्टीची लांबी, रंग, सवलत हे सगळं त्याच्या मागून येतं. खाली जो क्रम दिला आहे तोही तसाच आहे.

पहिलं काम: टेप घेऊन वाडीत फिरा

दुकानात जायच्या आधी वर्षभरात नेमकं काय कापायचं आहे याची यादी करा. टेप फांदीभोवती गुंडाळा, आलेल्या घेराला ३.१४ ने भागा, जाडी मिळते. तीन फूट घेराचं खोड म्हणजे जेमतेम साडेअकरा इंच जाडीचं. डोळ्यांना ते कितीतरी मोठं वाटतं, म्हणून मोजा.

मी यादी केली तेव्हा कळलं की घरच्या कामातलं बहुतेक लाकूड सहा इंचांच्या आतलं आहे: काजूच्या वाळक्या फांद्या, आंब्याची छाटणी, कुंपणातली ग्लिरिसिडिया, पडलेल्या पोफळी. त्याखालोखाल आठ ते बारा इंचांचं सरपण. दीड-दोन फूट जाडीचा फणस किंवा आंबा कापायची वेळ दहा वर्षांत दोनदा आली, आणि दोन्ही वेळा ते काम सवयीच्या माणसाकडूनच करून घ्यायला हवं होतं. त्या दोन दिवसांसाठी सात-आठ किलोचं धूड विकत घेऊन उरलेली दहा वर्षं ते फांद्यांवर चालवणं हा चुकीचा हिशेब आहे.

पट्टी कापायच्या लाकडापेक्षा दोन इंच लांब असली की पुरते. बारा इंचांपर्यंतच्या लाकडाला १४ इंची, फार तर १६ इंची. लांब पट्टीने काम लवकर होतं असं वाटतं, पण होतं उलटंच. इंजिनाची ताकद जास्त चेन ओढण्यात खर्च होते आणि पट्टीचं टोक पलीकडच्या, आपल्याला न दिसणाऱ्या फांदीवर आपटतं. सगळ्यात वाईट अपघात नेमके तिथूनच होतात.

यादी करताना झाडांची नावंही लिहा. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, मोह अशी आपल्या परड्यातलीच झाडं आहेत. जमीन आपली असली तरी ती उभी झाडं तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आहे. तिथे फांदी छाटायच्या आधीही पालिकेच्या उद्यान विभागात विचारावं.

पेट्रोल, वायर की बॅटरी

वायरचं विजेवर चालणारं यंत्र घराच्या अंगणासाठी उत्तम. १८०० ते २००० वॅटची मोटर, आवाज कमी, पेट्रोल मिसळायची कटकट नाही, बटण दाबलं की सुरू. मकिता, बॉश यांची १२ ते १६ इंची यंत्रं याच गटातली. अट एवढीच की वायर जाडजूड हवी. पंचवीस मीटर लांबीला २.५ चौरस मिलिमीटरची तीन-कोर वायर आणि १६ अँपिअरचा सॉकेट. दिव्यासाठी आणलेली बारीक वायर लावली तर व्होल्टेज पडतं, मोटर गरम होते आणि पहिल्याच वर्षी जळते. ज्या गावात संध्याकाळी बल्ब पिवळे पडतात तिथे हे यंत्र घेऊ नका. ओल्या गवतात तर अजिबात नको, आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवल्याशिवाय कोरड्यातही नको.

या यंत्राविषयी आणखी एक गोष्ट मला निसर्गने शिकवली. झाडं पडतात त्याच दिवशी विजेचे खांबही पडतात. दापोली-श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत त्या वेळी आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वादळानंतर रस्ता मोकळा करणं हा तुमचा मुख्य हेतू असेल तर वायरचं यंत्र ऐन वेळी उपयोगी पडणार नाही.

बॅटरीवाल्यांत दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एक, नामांकित कंपन्यांची दोन्ही हातांनी धरायची यंत्रं, ३६ किंवा ४० व्होल्टची, १२ ते १४ इंची पट्टीची. छाटणीसाठी ही फार चांगली आहेत. थांबून थांबून काम करायचं असेल तर पेट्रोलपेक्षा सोयीची. बॅटरी महाग असते. त्याच बॅटरीवर चालणारं ड्रिल किंवा गवत कापायचं यंत्र आधीपासून घरात असेल तर हिशेब चटकन जमतो.

दुसरी जात म्हणजे ऑनलाइन दिसणारी चार-सहा इंचांची एकहाती छोटी यंत्रं. त्यांच्यावर ४८ व्होल्ट, ८८ व्होल्ट असं काहीही छापलेलं असतं. अशा बॅटरीत बहुधा लिथियमचे पाच सेल असतात. एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा, म्हणजे पाचांचे २१ व्होल्ट. काजूच्या दोन इंची फांदीला ते पुरतं. पण यांतल्या बहुतेकांना चेन ब्रेक (पुढे ढकलली की चेन जागीच थांबवणारी पाती) नसतो आणि एका हातात यंत्र असलं की दुसरा हात आपोआप फांदी धरायला जातो. बोटं जातात ती अशी. घरात असं यंत्र असेलच तर रिकामा हात पाठीमागे ठेवायची सवय लावा.

वाडी घरापासून लांब असेल, सरपण दरवर्षी फोडायचं असेल, वादळाची भीती असेल तर पेट्रोल. कोकणातल्या बहुतेक वाड्यांचं उत्तर हेच आहे, त्यामुळे पुढचं सारं लिखाण मुख्यतः पेट्रोलच्या यंत्राविषयी.

खोक्यावरच्या आकड्यांपैकी कोणते वाचायचे

सीसी सगळ्यात मोठ्या अक्षरात छापतात आणि तोच आकडा सगळ्यात फसवा असतो. माहितीपुस्तिकेत सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक दिला असेल तर स्वतः गणित करा: व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक, सगळं सेंटिमीटरमध्ये. समजा व्यास ४५.२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ३४ मिलिमीटर, तर उत्तर साडेचोपन्न सीसी येतं. खोक्यावर ५८ छापलं असेल तर बाकीच्या छापील गोष्टींवर किती विश्वास ठेवायचा ते तिथेच ठरवा.

त्यापेक्षा किलोवॅट बघा. हॉर्सपॉवर दिली असेल तर ०.७४६ ने गुणा. घरच्या कामाला १.२ ते १.६ किलोवॅट पुरते. दरवर्षी दोन-चार गाड्या सरपण काढणाऱ्याला २ ते २.३. अंदाज यावा म्हणून सांगतो: स्टिलचं एमएस १८० हे ३१.८ सीसीचं यंत्र पहिल्या गटात बसतं, तर एमएस २५० हे ४५.४ सीसीचं, २.३ किलोवॅटचं, ४.६ किलोचं यंत्र दुसऱ्या. हुस्कवार्नाची ३८ सीसीच्या आसपासची घरगुती यंत्रं सीसीने या दोन्हींच्या मधली. याच कंपन्यांचं घ्या असं माझं म्हणणं नाही. तुलनेसाठी एक माप हाताशी असावं, एवढंच.

वजन छापलेलं असतं ते बहुधा पट्टी, चेन, पेट्रोल आणि ऑइल सोडून. त्यात दीडएक किलो वाढवा. अर्ध्या तासाने हात थरथरायला लागतात तेव्हा या दीड किलोची किंमत कळते. थकलेल्या हातातलं यंत्र धोक्याचं असतं, म्हणून मी नेहमी हलक्या बाजूला झुकतो.

चेनचे तीन आकडे मात्र पाठ करा, यंत्राच्या अंगावर रंगाने लिहून ठेवा. पहिला पिच, म्हणजे कड्यांमधलं अंतर, इंचांत: छोट्या यंत्रांना ३/८ लो प्रोफाइल, मधल्यांना ०.३२५. दुसरा गेज, म्हणजे पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. तिसरा, खाचेत बसणाऱ्या त्या कड्यांची संख्या. ०.३२५ पिचच्या १८ इंची पट्टीला बहुधा ७२ आणि २० इंचीला ७६ लागतात. हे तिन्ही आकडे जुळले तर चेन कुठल्याही कंपनीची चालते. दुकानात नुसतं ‘अठरा इंची द्या’ म्हटलं की चुकीची चेन घरी येते आणि एक दिवस फुकट जातो. पट्टी आणि चेन सर्रास मिळणाऱ्या मापाची असणं हाही यंत्र भरवशाचं असण्याचाच भाग आहे.

चेन ब्रेक, थ्रॉटलचं कुलूप म्हणजे मागचं बटण तळव्याने दाबल्याशिवाय रेस न वाढणं, चेन तुटली तर अडवणारा हूक आणि हातात येणारी थरथर शोषणाऱ्या स्प्रिंगा किंवा रबरं. या चारपैकी एक जरी गोष्ट नसेल तर ते यंत्र किमतीत कितीही स्वस्त असलं तरी घरी आणू नका.

विकणाऱ्याच्या आधी दुरुस्तीवाल्याला भेटा

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

तालुक्याच्या गावी ग्रासकटर, पॉवर टिलर, फवारणी पंप दुरुस्त करणारा एखादा तरी माणूस असतोच. यंत्र घ्यायच्या आधी त्याच्याकडे जा, चहा घ्या आणि दारात उघडून ठेवलेली यंत्रं कोणत्या कंपन्यांची आहेत ते बघा. तिथे एखाद्या कंपनीची पाच यंत्रं दिसली म्हणून ती वाईट ठरत नाही. ती गावात विकली जाते आणि इथे दुरुस्त होते, एवढं त्यावरून कळतं. खरा प्रश्न पुढचा: आलेलं यंत्र किती दिवसांत परत जातं? आणि कोणत्या यंत्राला तो हात लावायला नकार देतो? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून घ्या.

मग विक्रेत्याकडे जा आणि सुट्या भागांच्या किमती विचारा: स्टार्टरची दोरी आणि स्प्रिंग, एअर फिल्टर, पेट्रोलच्या टाकीतला फिल्टर, कार्बोरेटरच्या पडद्यांचा संच, क्लच, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), ऑइल पंप, पिस्टन-सिलिंडर. ‘सगळं मिळतं’ या उत्तरावर थांबू नका. यातल्या दोन वस्तू, समजा स्टार्टर स्प्रिंग आणि एअर फिल्टर, आत्ता काउंटरवर ठेवायला सांगा. ज्याच्याकडे खरोखर असतात तो दोन मिनिटांत काढून देतो. मी तर त्या दोन्ही वस्तू यंत्राबरोबरच विकत घेतो.

हमीचा कागद उभ्या उभ्या वाचा. घरगुती वापर आणि भाड्याने वापर यांची मुदत पुष्कळदा वेगळी असते. पट्टी, चेन, प्लग हमीत नसतात. चुकीच्या मिश्रणाने इंजिन धरलं, म्हणजे जाम झालं, तर हमी संपते. पक्कं बिल घ्या, त्यावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्या. कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानात यंत्र बसतं का ते कृषी कार्यालयात विचारायचं असेल तर खरेदीच्या आधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

नामांकित कंपनीच्या छोट्या यंत्राच्या पैशात बिननावाची दोन मोठी यंत्रं येतात, हे खरं आहे. मी छोटंच घेईन. बिननावाचं घ्यायचंच असेल तर तालुक्यात तेच मॉडेल विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानातून घ्या, चार पैसे जास्त देऊन.

दुकानात हातात घेतल्यावर

यंत्र खोक्यातून काढून, पट्टी-चेन बसवून, ऑइल भरून हातात मागा. आधी तोल बघा. पुढची मूठ डाव्या हाताने धरून उचललं की पट्टी किंचित खाली झुकावी, सरळ जमिनीकडे कोसळू नये. दोरी सावकाश ओढून बघा, दाब लागला पाहिजे.

मग सुरू करायला सांगा. यंत्र जमिनीवर, ब्रेक लावलेला, उजवा पाय मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या मुठीवर, उजव्या हाताने दोरी. दुकानदार यंत्र हवेत झुलवून झटका देत असेल तर ती पद्धत घरी नेऊ नका.

सुरू झालं की रेस सोडा, ब्रेकही सोडा आणि चेनकडे बघा. मंद गतीत चेन जागची हलता कामा नये. हलत असेल तर कार्बोरेटरचा स्क्रू किंवा क्लच ठीक नाही. त्यानंतर यंत्र जमिनीवर घट्ट दाबून धरायला सांगा, रेस वाढवून पुढची पाती मनगटाने पुढे ढकलली की चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे. पूर्ण रेसला चेन सेकंदाला साधारण वीस मीटर पळते. ती थांबवणारी ही एकच गोष्ट तुमच्या हातात असते.

शेवटी खोक्याचा एक पुठ्ठा जमिनीवर ठेवा, पट्टीचं टोक त्याच्यावर वीतभर उंच धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर ऑइलची रेघ उमटली तर पंप चालू आहे.

जुनं यंत्र घेत असाल तर याच चाचण्या, शिवाय सायलेन्सरचे दोन स्क्रू काढून भोकातून पिस्टन बघा. त्यावर उभे ओरखडे दिसले तर किंमत न विचारता परत फिरा.

यंत्राइतकीच गरजेची खरेदी

जाळीचा पडदा आणि कानांच्या टोप्या असलेलं हेल्मेट. पेट्रोलचं यंत्र शंभर डेसिबलच्या वर आवाज करतं. कटरवाल्यांना चाळिशीत ऐकू येईनासं होतं, मी गावात बघतो आहे. पायांना चेनसॉसाठीचं कवच मिळतं. त्यात लांब तंतूंचे थर असतात. चेन लागली की ते तंतू ओढले जाऊन स्प्रॉकेट जाम होतं आणि चेन थांबते. ते मागवावं लागतं, महाग आहे, तरी घ्या. चामडी बूट, पकड सुटू न देणारे हातमोजे. लुंगी, गळ्यातला पंचा, चप्पल यांपैकी काहीही अंगावर असताना यंत्राला हात लावू नये. आंब्याचा, काजूचा, विशेषतः बिब्याचा चीक उडतो, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

प्लॅस्टिकच्या दोन पाचरी घ्या. पट्टी फसली की पाचर मारून खाच उघडायची असते. लोखंडी पाचरीला चेन लागली तर दात तुटून उडतात.

पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशालाही लागता कामा नये. तिथे लागलं की पट्टी उसळून थेट तोंडाकडे येते आणि माणसाचा हात तेवढ्या वेळात काही करू शकत नाही. डावा अंगठा मुठीखालून वळवलेला असावा, डोकं पट्टीच्या रेषेत नसावं. खांद्याच्या वर कापू नका, शिडीवर उभं राहून कापू नका, वाडीत एकटे असताना सुरू करू नका. वादळात उलथलेलं झाड मुळाच्या गड्ड्याला धरून ताणलेलं असतं. खोड कापलं की तो गड्डा परत उभा राहतो किंवा खोड झटक्याने उडतं. तारांवर पडलेल्या झाडाला तर महावितरणने पुरवठा तोडल्याशिवाय जवळही जाऊ नका. ही दोन कामं अनुभवी माणसाची.

पेट्रोल आणि ऑइल

अर्धी यंत्रं इथे मरतात. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच पिस्टनला वंगण देतं. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिलिलिटर, ४०:१ ला २५, २५:१ ला ४०. औषधांच्या दुकानातून २० मिलिलिटरची सिरिंज आणा आणि ती याच कामाला ठेवा. झाकणाने, अंदाजाने, ‘जरा जास्तच’ असं करू नका. कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर प्लग आणि सायलेन्सर काजळीने भरतो.

ऑइल टू-टीचं, डब्यावर जासो एफडी किंवा आयएसओ ईजीडी असा दर्जा छापलेलं घ्या. किनाऱ्यावरच्या गावांत होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टीसी-डब्ल्यू-थ्री ऑइल सहज मिळतं आणि तेच चेनसॉमध्ये घातलं जातं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं आहे. हवेवर थंड होणारं, तापणारं चेनसॉचं इंजिन त्यावर टिकत नाही.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. अनेक यंत्रांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा आहे, म्हणून घेताना स्पष्ट विचारा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि आपल्याकडे ओलीची कमतरता नाही. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करा, डबा गच्च बंद ठेवा. पंधरा दिवस यंत्र लागणार नसेल तर टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमधले पडदे कडक होत नाहीत. त्या पडद्यांचा एक संच घरी असू द्या.

चेनचं ऑइल वेगळ्या टाकीत. प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना तेही भरायचं. गाडीतून काढलेलं काळं, जळकं ऑइल घालायची पद्धत सगळीकडे आहे. त्यात धातूचा कीस असतो, पंप आणि पट्टी खाऊन टाकतो, वर अंगावर उडतं ते कातडीला घातक. चेन ऑइल मिळालं नाही तर तात्पुरतं स्वच्छ, नवं ३० ग्रेडचं इंजिन ऑइल चालेल.

कानस शिका

धार गेलेली चेन हे ‘यंत्रात दम नाही’ या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण. ओळखायचं कसं? धार असेल तर लाकडाचे कपचे पडतात, गेली असेल तर पिठासारखा भुसा. यंत्र दाबावं लागतं, काप एका बाजूला वळतो.

आजच्या चेनच्या दाताचा आकार १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला सुचला. ओंडक्यातली भुंग्याची अळी डावीकडे-उजवीकडे जबडे चालवत लाकूड आडवं-उभं सहज कोरते, हे बघून त्याने तसे दात बनवले. आंब्याच्या बागायतदाराला ती अळी अपरिचित नाही. आपल्या कलमांना लागणारा खोडकिडा त्याच भुंग्यांच्या कुळातला. कानस घेऊन बसलो की मला हे हमखास आठवतं, आणि एक डावा दात, एक उजवा दात अशी रचना का आहे ते लक्षात राहतं.

गोल कानस पिचप्रमाणे: ३/८ लो प्रोफाइलला ४ मिलिमीटरची, ०.३२५ ला ४.८ ची. पट्टी ओंडक्यात अडकवून पक्की करा. दातावरच्या तिरक्या खुणेला समांतर, साधारण ३० अंशात, आतून बाहेर ढकलत घासा. परत आणताना उचला. प्रत्येक दाताला सारखेच, तीन किंवा चार हात. आधी एका बाजूचे सगळे, मग दुसऱ्या बाजूचे. चार-पाच वेळा धार लावून झाल्यावर दातापुढचा उंचवटा चपट्या कानशीने थोडा उतरवा. तो दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली असावा, त्यासाठी छोटी मापपट्टी मिळते. हा उंचवटा बघणारे फार थोडे, आणि म्हणून धार लावूनही चेन कापत नाही.

आपल्याकडे धार लवकर जाते ती जांभ्यामुळे. जमिनीला एकदा चेन टेकली, तिथे जांभ्याचा खडा असला की काम थांबवून कानस हातात घ्यावी लागते. ओंडक्याखाली आडवी लाकडं सरकवून तो उचलून घ्या, साल चिखलाने भरली असेल तर कापायच्या रेषेपुरती कोयतीने तासा. नारळ आणि पोफळीत तंतू स्प्रॉकेटच्या झाकणाखाली गुंडाळले जातात. दर टाकीनंतर झाकण उघडून ते काढा. बांबूला चेनसॉ लावू नका, तो चिरफाळतो. कामाला सेमी-चिझल (गोलसर कोपऱ्याच्या दातांची) प्रकारची चेन घ्या. वेगाने जराशी कमी, पण मळक्या लाकडात धार धरून ठेवते.

नवी चेन पहिल्या काही कापांत सैल होते. थंड असताना ताण द्या: खालून पट्टीला चिकटलेली, पण हातमोज्याने ओढली तर सहज फिरणारी. काम संपलं की ताण थोडा सोडा, कारण थंड होताना ती आक्रसते.

आंब्याची छाटणी केली असेल तर कापलेल्या जागी लगेच बोर्डो मलम लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. उघड्या जखमेवर खोडकिडा अंडी घालायला टपलेलाच असतो.

पावसाळ्यापूर्वीचा एक दिवस

पावसाळ्यात यंत्र पडवीत टांगू नका. खारी ओल कार्बोरेटर आणि प्लग खाते. चेन ऑइलमध्ये बुडवून काढा, पट्टीची खाच साफ करून तिला ऑइलचा हात फिरवा, एअर फिल्टर धुऊन वाळवा आणि यंत्र घरात, झाकणाच्या डब्यात ठेवा.

दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आंबे उतरवायची गडबड चालू असली तरी, मी एक सकाळ बाजूला काढतो. ताजं मिश्रण करतो, नवा प्लग घालतो, चेनला धार लावतो, ब्रेक आणि ऑइलची रेघ तपासतो आणि एक पूर्ण टाकी सरपण कापतो. तौक्ते मेच्या मध्यावर आलं होतं, निसर्ग जूनच्या तिसऱ्या दिवशी. त्या सकाळी यंत्र कुरकुरलं तर दुरुस्तीवाल्याकडे पोचवायला अजून आठवडाभर तरी हातात असतो.